दिग्दर्शकाचे वाचन : ‘नष्टनीड’पासून ‘चारुलता’पर्यंत

साहित्याचा अभ्यासक चित्रपटाकडे वळतो तेव्हा त्याच्या हाती बहुधा एकच मापनदंड असतो : मूळ कृतीशी चित्रपट कितपत प्रामाणिक राहिला? कोणती पात्रे गाळली, कोणता प्रसंग बदलला, शेवट तोच ठेवला की नाही, यांची टिपणे तयार होतात आणि त्यांच्या बेरजेवरून दिग्दर्शकाच्या योग्यतेचा निकाल लावला जातो. हा मापनदंड सर्वस्वी निरुपयोगी आहे असे नव्हे. परंतु त्याने जे मोजले जाते ते दिग्दर्शकाच्या कर्तृत्वाचे मर्म नव्हे, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. १९६४ साली सत्यजित राय यांचा ‘चारुलता’ हा चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा बंगालमध्ये हाच प्रश्न तीव्रतेने उपस्थित झाला. रवींद्रनाथांच्या ‘नष्टनीड’ या १९०१ सालच्या दीर्घकथेत रायांनी केलेल्या फेरबदलांना अशोक रुद्र यांनी आक्षेप घेतला, आणि रायांनी ‘परिचय’ या नियतकालिकातून त्याला उत्तर दिले. चित्रपटकाराने साहित्यसमीक्षेच्या दरबारात उभे राहून आपल्या निर्णयांचे समर्थन करावे, असे प्रसंग विरळाच. तो वाद आता जुना झाला. त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र निकालात निघालेला नाही. थोर दिग्दर्शक कोणाला म्हणावे, आणि पुनःपुन्हा पाहावा असा चित्रपट कशामुळे सिद्ध होतो?

या प्रश्नाची प्रचलित उत्तरे तीन प्रकारची आहेत. पहिले तंत्राचे : छायाचित्रण, संकलन, ध्वनिसंयोजन या अंगांवर ज्याचे प्रभुत्व तो थोर. दुसरे विषयाचे : दारिद्र्य, अन्याय, युद्ध अशा गंभीर विषयांना जो हात घालतो तो थोर. तिसरे व्यक्तिमत्त्वाचे. १९५४ साली फ्रान्स्वा त्र्युफो यांनी फ्रेंच चित्रपटांतील साहित्याश्रयी परंपरेवर कठोर टीका केली, आणि तेव्हापासून दिग्दर्शक हाच चित्रपटाचा लेखक, त्याच्या सर्व कृतींवर उमटलेली त्याची मुद्रा हेच त्याच्या थोरवीचे गमक, हा विचार रूढ झाला. तिन्ही उत्तरांत सत्याचा अंश आहे. परंतु निर्दोष तंत्राचे निर्जीव चित्रपट असतात, थोर विषयांवरचे सामान्य चित्रपट तर उदंड असतात, आणि मुद्रा ही गोष्ट दुबळ्या कृतीवरही तितकीच स्पष्ट उमटू शकते. एकाच दिग्दर्शकाची एक कृती जिवंत आणि दुसरी मंद का होते, याचा उलगडा या तिन्ही उत्तरांनी होत नाही. तो करावयाचा तर दिग्दर्शकाकडे आधी एक वाचक म्हणून पाहावे लागते.

भाषांतराशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. मामा वरेरकरांनी शरच्चंद्र मराठीत आणले, तेव्हा बंगाली घरातील नात्यांचे सूक्ष्म स्तर, संबोधनांतील ओलावा आणि अंतर, यांना मराठी कुटुंबाच्या बोलीत जागा शोधावी लागली. भाषांतरकाराचा पहिला प्रश्न ‘या शब्दाला प्रतिशब्द कोणता’ हा नसतो. मूळ कृतीतील कोणता अर्थ केवळ त्या भाषेच्या आश्रयाने जगत आहे, आणि तो आश्रय काढून घेतल्यावर त्याला कोठे वसविता येईल, हा त्याचा खरा प्रश्न असतो. दिग्दर्शकापुढे हाच प्रश्न अधिक कठीण रूपात उभा राहतो. त्याला एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जावयाचे नसते. शब्दाच्या राज्यातून दृश्य, ध्वनी आणि काल यांच्या राज्यात जावयाचे असते. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये कलेच्या माध्यमासंबंधी जो काटेकोर विचार करावयास लावला, त्याचे स्मरण येथे अप्रस्तुत होणार नाही.

‘नष्टनीड’चे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. कथेचा सांगाडा अगदी साधा. श्रीमंत घरातील भूपती इंग्रजी वृत्तपत्र चालविण्यात गढून गेला आहे. पत्नी चारु रिकाम्या प्रहरांत एकटी आहे. भूपतीचा भाऊ अमल हा तिचा सोबती, आणि लेखन हा दोघांच्या सख्याचा विषय होतो. त्या सख्याचे रूपांतर कशात झाले हे चारूला उशिरा कळते, आणि भूपतीला सर्वांच्या शेवटी. ही कथा सांगणारा निवेदक मात्र साधा नाही. सरकारच्या धोरणातील बारीकसारीक बदलांवर नजर ठेवणाऱ्या संपादकाला आपली बालिका-वधू केव्हा तरुण झाली ही बातमी मात्र लागली नाही, असे तो स्मितपूर्वक सुचवितो. त्या स्मितात उपहास आहे आणि करुणाही. हा स्वर हेच ‘नष्टनीड’च्या पूर्वार्धाचे खरे वैभव, आणि तो सर्वस्वी शब्दांच्या रचनेवर अवलंबून आहे. प्रसंग जसेच्या तसे ठेवून हा स्वर हरवला, तर राहते ती एका घरातील दुर्दैवाची हकीकत. निवेदकाचे शब्द कोणाच्या तरी तोंडी घालावेत, तर उपहासाचा उपदेश होतो.

रायांनी या स्वराचे काय केले हे ‘चारुलता’च्या प्रारंभीच्या काही मिनिटांत दिसते. सुमारे सात मिनिटांच्या या प्रवेशात संभाषण जवळजवळ नाही. प्रथम दिसतात चारूचे हात. त्या हातरुमालावर ‘बी’ हे इंग्रजी अक्षर विणीत आहेत. नंतर ती नोकराला हाक मारून चहा बाहेर पाठविण्यास सांगते, पुस्तकांच्या कपाटाशी जाते, बंकिमचंद्रांचे नाव स्वतःशीच गुणगुणते. रस्त्यावरून आवाज येतो. ती हातात धरावयाची छोटी दुर्बीण घेऊन या खिडकीतून त्या खिडकीकडे धावते आणि लाकडी पट्ट्यांच्या फटीतून बाहेरचे जग पाहते : माकडाचा खेळ करणारा, पालखी, छत्री घेतलेला एक स्थूल गृहस्थ. इतक्यात भूपती आत येतो, हातातील पुस्तकात बुडालेला तसाच तिच्या जवळून जातो आणि परत फिरतो. पत्नी तेथे उभी आहे हे त्याच्या गावीही नसते. चारु दुर्बीण डोळ्यांना लावते आणि दूर जाणाऱ्या पतीकडे पाहते.

येथे निवेदकाचा एकही शब्द नाही. तरी त्याचा स्वर शिल्लक आहे. दूरच्या वस्तू जवळ आणण्याचे साधन एकाच घरातील माणसासाठी वापरावे लागते, यातील उपहास प्रेक्षकाला कोणी सांगत नाही, तो त्याला आपसूक जाणवतो. पुढे तो रुमाल हाती आल्यावर भूपती कौतुकाने विचारतो की हे सारे करण्यास तुला वेळ तरी केव्हा मिळतो! ज्याने ती सात मिनिटे पाहिली आहेत त्याला या निष्पाप प्रश्नाचा अर्थ निराळाच लागतो. भूपती दुष्ट नाही, निष्ठुरही नाही. मूळ कथेतील उपहास आणि करुणा यांचा तोल या एका प्रश्नात साधला गेला आहे.

आनंदवर्धनाने वाच्य आणि प्रतीयमान अर्थांत जो भेद केला तो काव्यासंबंधी होता. चित्रपटाला तो लावताना एक अडचण येते : छायाचित्र हे स्वभावतः अत्यंत वाच्य आहे. शब्दाने खुर्ची म्हटले तर वाचकाच्या मनात अनेक खुर्च्या उभ्या राहतात. पडद्यावर दिसते ती तीच एक खुर्ची. मग चित्रपटात ध्वन्यर्थ कोठून येतो? दृश्यांच्या क्रमातून, त्यांच्या कालावधीतून आणि पुनरावृत्तीतून. ‘चारुलता’तील दुर्बीण बागेतील झोपाळ्याच्या प्रसंगात पुन्हा येते. अमल चटईवर पडून लिहितो आहे, चारु झोके घेते आहे, आणि कॅमेरा तिच्याबरोबर झोके घेतो. ती दुर्बिणीतून शेजारच्या खिडकीतील मूल घेतलेली एक आई पाहते. नंतर तीच दुर्बीण अमलकडे वळते. चारूच्या मनात काय उमटले हे ती बोलत नाही. ते तिला स्वतःलाही अर्धवटच कळले असावे. पहिल्या प्रसंगात करमणुकीचे साधन असलेली वस्तू येथे तिच्या आत्मज्ञानाचे साधन झाली आहे. हा अर्थ त्या वस्तूत नव्हता, कोणत्याही एका दृश्यातही नव्हता. दोन दृश्यांच्या दरम्यानच्या अंतरात तो घडला. थोर दिग्दर्शकाचे सामर्थ्य या अंतरांच्या रचनेत असते.

आता फेरबदलांचा मुद्दा. त्यांतील सर्वांत महत्त्वाचा फरक उत्तरार्धात आहे. मूळ कथेत अमल विवाह करून विलायतेला जातो. त्याची वार्ता येत नाही म्हणून चारु दागिना गहाण टाकून गुप्तपणे तार पाठविते आणि त्या तारेच्या उत्तरातून भूपतीला सत्य उमगते. यानंतर रवींद्रनाथ भूपतीच्या मनातील हळूहळू पसरणारा अंधार अनेक पृष्ठांतून उलगडतात. रायांनी तार गाळली. त्यांच्या चित्रपटात वृत्तपत्र बुडाल्यावर आणि अमल निघून गेल्यावर पती-पत्नी समुद्रकिनारी जातात. तेथे दोघांनी मिळून नवे पत्र काढावे अशी कल्पना निघते आणि क्षणभर घरटे पुन्हा बांधले जाईल असे वाटते. घरी परतल्यावर अमलचे पत्र येते, वादळी वाऱ्याने दार उघडते, चारूचा बांध फुटतो, आणि नेमका त्याच वेळी परत आलेला भूपती ते ऐकतो.

या बदलात काहीएक गमावले आहे हे मान्य केलेच पाहिजे. गहाण टाकलेल्या दागिन्यात चारूची जी अगतिक, थोडी लज्जास्पद धडपड होती ती चित्रपटातील चारूत नाही. ती अधिक सुसंस्कृत आणि म्हणून थोडी अधिक सुरक्षित झाली आहे. भूपतीच्या दीर्घ आत्मसंवादाची जागा एका क्षणाच्या आघाताने घेतली आहे. आक्षेपकांच्या म्हणण्यात एवढे तथ्य निश्चित आहे. परंतु समुद्रकिनाऱ्याचा प्रसंग हा कथेतील रिकामी जागा भरणारा नुसता जोड नाही. भूपती प्रथमच पत्नीला आपल्या कामात भागीदार मानतो तो या ठिकाणी. ज्या दिवशी त्याला ती दिसू लागली त्याच्या पाठोपाठ ती त्याला गमवावी लागते. मूळ कथेतील नियतीचा उपरोध येथे वेगळ्या घटनेतून, पण त्याच जातीच्या कठोरपणाने सिद्ध झाला आहे. वाचकाने कथेतील प्रसंग लक्षात ठेवले की प्रसंगांमागील न्याय, या दोहोंतील फरक तो हाच.

शेवटाविषयीही हेच म्हणता येईल. रवींद्रनाथांच्या कथेत भूपती दूर म्हैसूरला जाण्यास निघतो. चारु बरोबर नेण्याची विनवणी करते. तो आधी कचरतो, मग तिला चल म्हणतो. आणि त्याचे ते कचरणे वाचून चारु एका लहानशा शब्दात नकार देते. तो शब्द भाषेच्या कानाने ऐकावयाचा आहे. त्यात मानही आहे आणि संपूर्ण निराशाही. अभिनेत्रीने तोच शब्द उच्चारला असता तर त्याच्यावर एकच एक भाव लादला गेला असता. रायांनी दोन हात घेतले. चारु दारात उभी राहून पतीला आत बोलाविते, हात पुढे करते. भूपतीचा हात पुढे येतो. आणि हात मिळण्यापूर्वी दृश्य गोठते. त्यापाठोपाठ काही स्थिर चित्रे : अर्ध्या प्रकाशातील चेहरे, दिवा घेतलेला नोकर, दूरवरून दिसणारी ती दोघे, आणि शेवटी पडद्यावर अक्षरे उमटतात, ‘नष्टनीड’. गोठलेले अंतिम दृश्य हा काही रायांचा शोध नव्हे. त्र्युफो यांनी १९५९ साली आपल्या पहिल्या दीर्घ चित्रपटाच्या शेवटी ते वापरले होते. परंतु तेथे एका मुलाचा प्रश्नार्थक चेहरा होता, येथे दोन हातांमधील अंतर आहे. कालाच्या माध्यमात काम करणाऱ्याने काल थांबविणे म्हणजे आपल्या माध्यमाचाच नकार उच्चारणे होय. चारूच्या एका शब्दाच्या जागी रायांनी हा नकार ठेवला. प्रतिशब्द याहून अचूक सापडणे कठीण.

अशी अचूकता एकट्याच्या हातून होत नाही. ‘चारुलता’तील घर बन्सी चंद्रगुप्त यांनी स्टुडिओत उभे केले, त्या घरातील दिवसाचा प्रकाश सुब्रत मित्र यांनी निर्माण केला, चारूची अस्वस्थता आणि तिची बुद्धी माधवी मुखर्जी यांच्या चेहऱ्यावर वसली. दिग्दर्शकाने यांपैकी प्रत्येकाचे काम स्वतः करून दाखवावे अशी अपेक्षा करणे वेडगळपणाचे आहे. त्याने कृतीचे जे वाचन केलेले असते ते इतरांपर्यंत पोचविणे, आणि त्या वाचनाशी विसंगत असलेली सुंदर गोष्टही नाकारणे, हे त्याचे काम. शांतिनिकेतनात नंदलाल बसूंच्या हाताखाली घेतलेले शिक्षण, जाहिरातसंस्थेतील चित्रकाराची नोकरी, ‘पथेर पांचाली’च्या संक्षिप्त मुलावृत्तीसाठी काढलेली चित्रे, ही रायांची पूर्वतयारी होती, पण तिच्या जोडीला आणखी एक सवय होती. साहित्यकृतीवरून एखादा चित्रपट निघणार असे जाहीर झाले की ते स्वतःची पटकथा लिहून ठेवीत आणि चित्रपट आल्यावर दोहोंची तुलना करीत. हा वाचनाचाच व्यायाम होता.

तथापि थोरवी ही एकदा मिळाली म्हणजे कायमची राहते असे नाही. रायांनीच १९८४ साली रवींद्रनाथांची ‘घरे बाइरे’ ही १९१६ची कादंबरी पडद्यावर आणली. विमला, निखिलेश आणि संदीप या तिघांच्या आत्मकथनांतून ही कादंबरी उलगडते. तीच घटना तिघांच्या मनांत तीन रूपे घेते आणि सत्य कोणा एकाच्या स्वाधीन होत नाही, हा तिचा घाट. चित्रपटाने ही तीन मने संभाषणाच्या एका पातळीवर आणली. पात्रे आपापल्या भूमिका स्पष्टपणे, सुबुद्धपणे मांडतात. प्रेक्षक त्या ऐकतो. कादंबरीतील विचार बव्हंशी टिकले आहेत. हरवला आहे तो विचारांमधील संशय. मूळ कादंबरी निखिलेशच्या भवितव्याविषयी अनिश्चितता ठेवून संपते. चित्रपट विमलेला विधवेच्या वेषात दाखवून ती अनिश्चितता मिटवितो. या चित्रपटाच्या निर्मितीकाळात राय गंभीर आजारी पडले होते, हे ध्यानात घेऊनही हा निर्णय करावाच लागतो. आणि त्याच चित्रपटात विमला पतीबरोबर अंतःपुरातून बाहेरच्या दिवाणखान्याकडे जाणाऱ्या ओवरीतून प्रथमच चालत जाते, तो मंदगतीने घेतलेला निःशब्द प्रसंग संपूर्ण कृतीहून अधिक बोलून जातो. घर आणि बाहेर यांमधील ती काही पावले दिग्दर्शकाने वाचली होती. बाकीची पुष्कळशी कादंबरी त्याने उतरवून घेतली.

यावरून शब्द टाळणे हाच चित्रपटाचा धर्म, असा निष्कर्ष कोणी काढू नये. १९३६ साली पुण्याच्या ‘प्रभात’मध्ये दामले आणि फत्तेलाल यांनी ‘संत तुकाराम’ घडविला. तेथे शब्द हाच विषय आहे. विष्णुपंत पागनीसांच्या तुकारामाचे अभंग आणि गौरीच्या जिजाईची रोजच्या संसारातील खणखणीत बोली, यांच्या संघर्षावर तो चित्रपट उभा आहे. एक वाणी आकाशाकडे जाते. दुसरी चूल, मुले आणि म्हैस यांना सोडत नाही. दिग्दर्शकांनी पहिलीला मोठे करण्यासाठी दुसरीला हास्यास्पद केले नाही, म्हणून भक्तीचा हा चित्रपट संसाराचाही ठरला. त्यातील एक अभंग तुकारामांचा नसून शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी रचलेला आहे, आणि तो कित्येकांना तुकारामांचाच वाटला, ही गोष्ट सुप्रसिद्ध आहे. प्रामाणिकपणाचा शब्दशः हिशेब मांडणाऱ्याला हे कूट सोडविता येणार नाही. जो गाथेचे वाचन अंतर्यामी करतो, त्याच्या हातून नवा शब्दही मुळाच्या कुळातील होऊन येतो.

तेव्हा दिग्दर्शकाची थोरवी तपासताना समीक्षकाने दोन गोष्टी पाहाव्यात. मूळ कृतीतील, किंवा स्वतंत्र कथानक असेल तर मूळ जीवनानुभवातील, कोणता अर्थ त्याला महत्त्वाचा वाटला. आणि त्या अर्थाला त्याने माध्यमात कोणते घर दिले. यांपैकी पहिली गोष्ट दृष्टीची आहे, दुसरी कारागिरीची. एकीवाचून दुसरी पंगू होय. पाहण्याजोगा चित्रपटही याच कसोटीने ओळखता येतो. दिग्दर्शकाने अर्थ पूर्णपणे उच्चारून टाकला असेल तर प्रेक्षकाला दुसऱ्यांदा जाण्याचे कारण उरत नाही. त्याने तो दृश्यांच्या दरम्यान ठेवला असेल तर प्रत्येक भेटीत प्रेक्षकाचे वाचन पुढे सरकते. प्रथम पाहताना ‘चारुलता’ ही चारूच्या एकाकीपणाची कथा वाटते. पुढच्या खेपेस भूपतीचे भाबडे औदार्य डोळ्यांत भरते. आणखी पुढे केव्हा तरी अमलचे पळून जाणे ही भीती होती की निष्ठा, हा प्रश्न सोबत येतो. चित्रपट तोच असतो.

विद्यापीठांतून आणि नियतकालिकांतून साहित्याश्रयी चित्रपटांची चर्चा आता नेहमीची झाली आहे. ती बव्हंशी अजूनही गाळलेल्या आणि घातलेल्या प्रसंगांच्या याद्यांपाशी थांबते. याद्या कराव्यात, पण त्या जेथे संपतात तेथून समीक्षेचे काम सुरू होते. भूपतीकडे रोखलेल्या त्या दुर्बिणीचा उल्लेख ‘नष्टनीड’च्या कोणत्याही पृष्ठावर सापडणार नाही. तरीही ज्याने ते पुस्तक खऱ्या अर्थाने वाचले होते, त्यालाच ती सुचू शकली.